पोद्लिपाचे तीन मेतोद

१

फेब्रुवारीत मेलेला माणूस ऑगस्टमध्ये पळून कसा जाईल, हा प्रश्न घेऊन साविना माझ्या दारात उभी राहिली. हातात दोन झेरॉक्स, अंगावर अजून प्रवासाचा कोट. ल्युब्ल्यानाच्या बसमधून उतरली ती घरी न जाता सरळ माझ्याकडे आली होती.

"कोर्टवाले, कॉफी नको, काही नको. आधी हे वाचा."

गावात मला कोर्टवाले म्हणतात. माझं खरं नाव स्ताने लिस्याक. नोव्हा गोरित्साच्या कोर्टात मी तपास अधिकारी होतो. पोद्लिपात घर बांधून तीस वर्षं झाली, द्राक्षंही लावली, पण गावाच्या लेखी मी परवा आलेला पाहुणा आहे. कारण मला घराचं नाव नाही. इथे आडनावाला कुत्रंही विचारत नाही. अर्धं गाव ब्रातुझ. त्यामुळे माणूस ओळखायचा तो घराच्या नावावरून. शुश्तारांचा, म्हणजे ज्यांच्याकडे पूर्वी जोडे शिवत. कोलारांचा, म्हणजे गाडीची चाकं करणाऱ्यांचा. नवा माणूस दिसला की म्हातारे नाव विचारत नाहीत, विचारतात, "कोणाचा रे तू?" मला उत्तर नव्हतं, म्हणून मी कोर्टाचा.

मी चष्मा लावला. पहिला कागद दक्षिण इटलीत बारीजवळच्या छावणीतल्या इस्पितळाचा होता. फेब्रुवारी चव्वेचाळीस. मेतोद कोलार, वय सव्वीस, हिवतापाने मृत्यू, छावणीच्या दफनभूमीत पुरला. दुसरा कागद ब्रिगेडचा. ऑगस्ट चव्वेचाळीस. मेतोद ब्रातुझ, दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर उतरल्यावर बंदुकीसकट पळून गेला.

"दुसरा कागद आम्हाला पंचेचाळीस सालापासून पाठ आहे," साविना म्हणाली. "माझ्या बापाचा म्हणून. पहिला काल ल्युब्ल्यानाच्या दप्तरखान्यात मिळाला. मी सहज म्हणून आजोळच्या घराच्या नावाखाली शोधलं."

साविनाच्या बापाची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. शुश्तारांचा मेतोद. एक्केचाळीसच्या शरदात कोलारांच्या पाव्लाशी लग्न करून घरजावई झाला. पुढच्या वसंतात इटलीच्या फौजेनं उचलला. तेव्हा इथे राज्य इटलीचं. आमच्या पोरांच्या हातात बंदूक द्यायला ते भीत, म्हणून सार्डिनियात दगड फोडायला पाठवत. इटली पडल्यावर ही पोरं बारीच्या छावणीत, जर्मनांशी लढणाऱ्या आपल्या लोकांच्या ब्रिगेडमध्ये भरती झाली. लढाई संपल्यावर दोन माणसं पाव्लाकडे आली आणि तुझा नवरा पळपुटा निघाला म्हणून सांगून गेली. पळाला तर गेला कुठे, याचं उत्तर गावानंच तयार केलं. कोणीतरी इटालियन बाई.

पाव्ला तेव्हापासून ना सधवा ना विधवा. विधवेचे काळे कपडे घातले नाहीत, दुसरं लग्नही केलं नाही.

"डॉक्टर म्हणतात आईचं हृदय हा हिवाळा काढेल असं नाही," साविना म्हणाली. "ती मला एवढंच म्हणते, तो मला टाकून गेला की मेला, ते कळू दे. मेला असला तर बरं होईल असं म्हणते, आणि मग स्वतःच रडते. कोर्टवाले, माझा बाप कुठला? हा का तो?"

२

दुसऱ्या दिवशी मी शुश्तारांकडे गेलो. मेतोदचा धाकटा भाऊ द्रागो अंगणात अक्रोड सोलत बसला होता. बोटं काळी झाली होती.

"फेब्रुवारीचा कागद आमच्या मेतोदचा नाही," त्यानं वाचून परत दिला. "कोलार आडनावाची माणसं पार तिकडे श्टायर्स्का प्रांतापर्यंत पसरलीत. असेल कोणीतरी बिचारा."

"तो घरजावई होता ना? मग कोलारांचाच झाला की."

"तुम्ही बाहेरचे, तुम्हाला नाही कळायचं." द्रागो हसला, पण नीट नाही. "म्हातारा कोलार तुम्ही बघितला नाहीत. जमिनीचा तुकडा नसलेल्या चांभाराच्या पोरानं त्याची एकुलती एक लेक पटवली. पोटुशी होती, म्हणून लग्न लावून दिलं. लग्नाच्या जेवणात सगळ्यांसमोर उठून म्हणाला, माझ्या ताटात जेव, पण माझ्या घराचं नाव लावशील तर जीभ छाटीन. तेव्हापासून कोणाची टाप होती त्याला कोलारांचा म्हणायची? म्हातारा गेला तरी नाही. आजही विचारा कोणालाही. शुश्तारांचा मेतोद."

मी विचारलं, गावात. खरंच होतं. बेकरीवाली, फादर, बसस्टॉपवरच्या दोन म्हाताऱ्या, सगळ्यांच्या तोंडी शुश्तारांचा मेतोद. संध्याकाळी पाव्लाकडे गेलो तर तीसुद्धा स्वतःच्या नवऱ्याला शुश्तारांचा म्हणाली.

ती चुलीजवळ बसली होती. साविनानं आंबट कोबीचं सूप वाढलं आणि आम्ही दोघं जेवलो. पाव्ला नुसती बघत होती.

"वडिलांना मी कधी क्षमा केली नाही," ती एकदम म्हणाली. "मेतोदला वाईट वाटलं असणार. त्याच रागात तो परत आला नसेल. मी एवढी वर्षं तोच हिशेब करत्ये."

"पाव्लाबाई, गावात आणखी कोणी मेतोद ब्रातुझ होता?"

"होता? तीन होते." तिच्या डोळ्यांत जरा मिस्कीलपणा आला. "तेव्हाचे फादर संत मेतोदचे भक्त. ज्या आईबापांचं नाव ठरलेलं नसेल त्यांच्या पोराला मेतोद करून मोकळे व्हायचे. एक आमचा. एक लुकेझांचा, तो लढाईनंतर पलीकडे इटलीत राहिला. आणि एक मेज्नारांचा."

मेज्नारांचा मेतोद म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. परमुलखात मेलेल्यांच्या नावाचा दगड उभारायची समिती स्थापन झाली होती, तिचा तो अध्यक्ष. दगडावर कोणाचं नाव यावं आणि कोणाचं नाही, हे तोच ठरवत होता.

३

मेज्नारांचा मेतोद तळघरात पिंप धूत होता. वय सत्त्याहत्तर, पण पाठ ताठ. मला बघून त्यानं हात पुसले आणि विचारल्याशिवाय पांढरी वाइन ओतली.

"कोर्टवाले चौकशीला आलेत म्हणजे गंभीर दिसतंय. माझी द्राक्षं कमी भरली म्हणून पकडता की काय?"

"तुमची नाही, जुनी भानगड आहे. तुम्ही लढाईत कुठे होतात?"

"सगळ्यांना माहीत आहे. इटलीच्या फौजेत, वर पिएमोंतेत. इटली पडल्यावर चालत घरी आलो आणि वर त्र्नोवोच्या जंगलात आपल्या लोकांत सामील झालो. पंचेचाळीसला त्यांच्याबरोबरच खाली उतरलो."

"सार्डिनियात?"

"मी समुद्र बघितला तो पहिल्यांदा हनिमूनला. बायकोनं बळंच नेलं."

मी दोन्ही कागद पिंपावर ठेवले. त्यानं ते दूर धरून वाचले. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"पाव्लासाठी वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण कागद हा कागद. दगडावर पळपुट्याचं नाव घातलं तर ज्यांची पोरं खरंच मेली ते माझ्या अंगावर येतील. आणि हा इस्पितळातला भलताच कोणीतरी आहे. बाकी कोलारांचा मेतोद मनानं वाईट नव्हता हो. लढाईत डोकं फिरतं माणसाचं. मी दोष नाही देत."

"तुम्ही त्याला शेवटचं कधी बघितलंत?"

"बेचाळीसला, स्टेशनवर. आम्हाला एकाच दिवशी नेलं. डबे वेगळे होते. घ्या ना, ग्लास रिकामा करा."

मी ग्लास रिकामा केला. वाइन चांगली होती, आणि माणसानं ताकास तूर लागू दिली नव्हती. निदान मला तसं वाटलं. तळघरातून वर येताना काहीतरी कानाला खटकलं होतं, पण काय ते घरी पोचेपर्यंत सुचलं नाही. मी तो विचार सोडला आणि सीमेपलीकडे जायची तयारी केली. इटलीत राहणारा मेतोद शोधायला इटलीतच जायला हवं होतं.

४

सीमेपलीकडच्या जुन्या गोरित्सात लुकेझांच्या मेतोदचं हार्डवेअरचं दुकान होतं. आता मुलगा बघत होता. म्हातारा दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या खोड्या काढत बसायचा. मी पोद्लिपाहून आलोय म्हटल्यावर त्यानं मला आधी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कोणाचा रे तू?"

"कोर्टाचा."

"अरे देवा. दुकान मुलाच्या नावावर आहे, त्याला धरा."

मी कारण सांगितलं. तो पोट धरून हसला. आतून त्याची बायको इटालियनमध्ये काहीतरी ओरडली, त्यावर त्यानं हात झटकला.

"म्हणजे गावात मी पळपुटा ठरलो वाटतं? इटालियन बायको, इटलीत दुकान, पुरावा चोख आहे. पण मला पळायला मिळालं कुठे? लिबियात उतरलो आणि महिन्याभरात इंग्रजांनी पकडलं. तिथून केनिया. सेहेचाळीसपर्यंत केनियात तारेच्या आत. ही बघा." त्यानं भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. उन्हात करपलेली माणसं, छातीवर प्रत्येकाच्या आकडा. "त्यात डावीकडून दुसरा मी. तेव्हा केस होते."

फोटोवर छावणीचा शिक्का होता, सालही होतं. लुकेझांचा मेतोद सुटला.

"शुश्तारांच्या मेतोदचं वाईट झालं," तो गंभीर होऊन म्हणाला. "शाळेत माझ्या शेजारी बसायचा. आम्ही तिघं मेतोद ब्रातुझ एकाच वर्गात, मास्तरांची काय दैना. मेतोद ब्रातुझ म्हणून हाक मारली की तिघं उठायचो. इंग्रजांचं बरं होतं, त्यांनी आकडे दिले. आकड्याला मायबाप लागत नाही. आपले लोक मोजायला असते ना, तर दोन मेतोद ब्रातुझ समोर आले की लगेच विचारलं असतं, कोणाचा रे तू?"

मी त्यानं दिलेल्या कॉफीचा कप खाली ठेवला.

"काय झालं? कडू आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "फार चांगली आहे. मला घरी जायला हवं."

५

बसमध्ये मी सगळं नीट मांडून बघितलं. छावणीत भरती करून घेणारा कारकून आपल्याकडचा असणार, ब्रिगेडच आपली होती. तो आडनाव विचारणार आणि लिहिणार. घराचं नाव कधी विचारणार? समोर एकाच नावाची दोन माणसं उभी असली तरच. म्हणजे इस्पितळातला मेतोद कोलार हा खरंच मेतोद ब्रातुझ असेल, तर त्याच टेबलासमोर, त्याच्या आधी, दुसरा एक मेतोद ब्रातुझ नाव लिहून गेला होता. फेब्रुवारीत एक मेला. ऑगस्टमध्ये दुसरा पळाला. तेव्हा लुकेझांचा केनियात होता.

पण एवढ्यानं भागत नव्हतं. द्रागो म्हणाला तसं, शुश्तारांचा मेतोद स्वतःला कोलारांचा म्हणेल हे कशावरून? गावात त्याला त्या नावानं कोणीच हाक मारत नव्हतं. बायकोसुद्धा नाही, सख्खा भाऊसुद्धा नाही. साऱ्या पोद्लिपात मी ते नाव एकाच तोंडून ऐकलं होतं, आणि तेच मला तळघरातून येताना खटकलं होतं.

मेज्नारांचा मेतोद पिंपं उपडी घालून ओसरीवर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. यानं मला येताना बघितलं आणि या वेळी वाइन ओतली नाही.

"मेज्नार, तुम्ही परवा त्याला कोलारांचा मेतोद म्हणालात."

"असेन म्हणालो. होताच तो घरजावई."

"गावात त्याला कोणी कोलारांचा म्हणत नाही. म्हाताऱ्या कोलारनं जीभ छाटायची धमकी दिली होती. बेचाळीसपर्यंतच तुम्ही त्याला ओळखत असाल, तर तुमच्यासाठीही तो शुश्तारांचाच असायला हवा. तो कोलारांचा झाला असेल तर त्यानंतर. इथे नाही. कुठेतरी लांब. आणि तिथे तुम्ही होतात."

त्यानं खिशातले दाणे अंगणात फेकले. कोंबड्या धावल्या. मीही घाई केली नाही, एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी तेवढंच शिकलो होतो.

"पन्नास वर्षं जपून शुश्तारांचा म्हणत आलो," तो शेवटी म्हणाला. "म्हातारपणी जीभ ऐकत नाही. माझ्या डोक्यात तो कोलारांचाच आहे. सार्डिनियात आम्ही एकाच तंबूत होतो. मग बारीला. टेबलापाशी मी पुढे होतो, तो मागे. मी नाव सांगितलं, कारकुनानं लिहिलं. त्यानं तेच नाव सांगितल्यावर कारकुनानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, आणखी एक? कोणाचा रे तू? आणि हा छाती पुढे काढून म्हणाला, कोलारांचा."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोललो ना. म्हटलं, म्हातारा ऐकेल तर कोयता घेऊन येईल. तर म्हणतो, इथून त्याला ऐकू येत नाही. आणि परत गेल्यावर मी त्याच्या तोंडावर सांगणार आहे." मेज्नार थांबला. "हिवतापानं त्याला सार्डिनियातच धरलं होतं. फेब्रुवारीत गेला. मीच पुरला."

"आणि ऑगस्टमध्ये?"

"किनाऱ्यावर उतरल्यावर कोणी म्हणालं, तुमचं खोरं जाळलं. माझी आई एकटी होती. मी चालत सुटलो. बंदूक टाकली नाही, इथे येऊन त्याच बंदुकीनं लढलो. पण नियमानं पळपुटा तो पळपुटा. पंचेचाळीसला माणसं आली, मेतोद ब्रातुझ कोण म्हणून विचारायला. तेव्हा असल्याला भिंतीशी उभा करत होते. मी म्हटलं, तो शुश्तारांचा. मेलेल्याला कोण गोळी घालणार? मला वाटलं, त्यात कोणाचंच काही जात नाही."

"पाव्लाचं गेलं."

"हो," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी भीती वाटली. नंतर लाज. मग मी ओसरीवरून तिला चर्चला जाताना बघायचो आणि आत जायचो. आता काय करणार आहात? पोलीस?"

"कशाचे पोलीस? टोपी घाला. कोलारांकडे जायचंय."

६

मेज्नारला बाहेर थांबवून मी आधी आत जाऊन पाव्लाला सगळं सांगितलं. वाटलं होतं ती कोसळेल. साविना औषधाची बाटली घेऊन उभी होती. पाव्ला मात्र एकाच ठिकाणी अडकली होती.

"परत सांगा. त्यानं काय म्हटलं? कोणाचा म्हणून?"

"कोलारांचा."

"स्वतःहून?"

"स्वतःहून. छाती पुढे काढून."

तिनं तोंड लपवून नाही, सगळ्यांसमोर रडून घेतलं. मोठ्यानं, हुंदके देत, लग्नापासून चौपन्न वर्षं राहिलेलं. साविना तिला धरून बसली. मग पाव्लानं डोळे पुसले, केस सारखे केले आणि म्हणाली, "त्याला आत बोलवा. थंडीत का उभा केलाय?"

मेज्नार आत आला आणि दारापाशीच थांबला. टोपी हातात होती.

साविनाला राहवेना. "तुम्ही त्या समितीत बसून माझ्या बापाचं नाव खोडत होतात? माझ्या लग्नात नाचलात तुम्ही. माझ्या पोरांना चॉकलेटं दिलीत."

"साविना, थांब," पाव्ला म्हणाली. "मला बोलू दे. मेतोद, शेवटी त्याच्याजवळ कोण होतं?"

"मी."

"काही बोलला?"

"तापात बडबडत होता. तुझं नाव घेत होता असं सांगितलं तर तुला बरं वाटेल. पण मला नीट कळलं नाही, पाव्ला. एकदा खोटं बोललो तेवढं पुरे."

पाव्लानं मान हलवली. हे उत्तर तिला पटलेलं दिसलं. चुलीतलं लाकूड तिनं पुढे सरकवलं आणि मेज्नारकडे वळली. रागावलेली होती, ते स्पष्ट दिसत होतं. पण दुसरंही काहीतरी होतं. मी माझ्या नोकरीत पुष्कळ फिर्यादी बघितले, त्यांना शिक्षा हवी असते. हिला दुसरंच हवं होतं.

"माझ्या वाट्याला तो पाच महिने आला," ती म्हणाली. "त्यातही निम्मे दिवस वडिलांच्या भीतीनं आम्ही बोलायचोच नाही. तुझ्या वाट्याला दोन वर्षं. म्हणजे माझा नवरा मला कमी ठाऊक आहे आणि तुला जास्त. तू त्याचं मरण चोरलंस ते चोरलंस, ती दोन वर्षंही दाबून ठेवलीस."

"हो."

"रोज दुपारी यायचं. इथे बसायचं, आणि ती दोन वर्षं मला सांगायची. काय खायचा, कोणाशी भांडायचा, कसा झोपायचा, सगळं. मी आहे तोवर."

"आणि संपलं तर?"

"संपलं तर पहिल्यापासून."

मेज्नारनं टोपी खिशात कोंबली. दगडावरच्या नावाचं काय करायचं ते त्यानं विचारलं, तर पाव्ला म्हणाली, ते साविना आणि कोर्टवाले बघतील, तू बस. तो बसला. हात गुडघ्यांवर ठेवले आणि कुठून सुरुवात करावी ते त्याला समजेना.

"सार्डिनियात आम्ही रस्ता करत होतो," तो म्हणाला. "तो दिवसभर गायचा."

"मेतोद?" पाव्लानं भुवया उंचावल्या. "त्याला सूर कुठे होता?"

"नव्हताच. म्हणून मुकादम त्याला एकट्याला लांब कामाला लावायचा. तिथून आणखी मोठ्यानं गायचा."

मी कोट घेतला. साविना मला सोडायला दारापर्यंत आली आणि तिथेच थबकली. आत चुलीपाशी काहीतरी आवाज झाला होता. तिला तो आधी ओळखू आला नाही.

"कोर्टवाले," ती हळूच म्हणाली, "आई हसत्ये."